हाली, कलदार आणि जीडीपी : देशाची वही भारतानं कशी लिहिली, चीननं कशी

आपल्या देशाच्या उत्पन्नाचा पहिला सरकारी हिशेब १९४८-४९ या सालाचा आहे. ते साल १ एप्रिलला सुरू झालं तेव्हा आपला परभणी जिल्हा भारतात नव्हताच. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. म्हणजे त्या सालातले साडेपाच महिने आपण निजामाच्या वहीत आणि उरलेले भारताच्या. चलन हाली सिक्का, सात हाली म्हणजे सहा कलदार. साल फसली, महसुलाचे कागद उर्दूत. आणि दिल्लीत काही विद्वान मंडळी हिशेब मांडत बसली होती की या अख्ख्या देशानं वर्षभरात कमावलं किती.

हे आज काढायचं कारण साधं आहे. राज्याची आर्थिक पाहणी आली की जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता मोबाईलवर फिरतो. परभणी राज्याच्या सरासरीच्या बरीच खाली असते. मग दोन गट पडतात. एक म्हणतो, बघा मराठवाड्यावर अन्याय. दुसरा म्हणतो, चीन बघा कुठं गेला आणि आपण कुठं. हा आकडा मुळात तयार कसा होतो, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. मी गेले काही महिने यावर जे मिळेल ते वाचतोय. चीनचं नाव निघतंच, तर चीनलाही सोबत घेतलं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात दादाभाई नौरोजींपासून करावी लागते. १८६७-६८ च्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब काढला की हिंदुस्थानात माणशी वर्षाला २० रुपये उत्पन्न आहे. १८७६ मध्ये मुंबईत हा निबंध वाचला गेला. शेतीचं उत्पन्न, मीठ, खाणी, कारागिरी, असं एकेक धरत त्यांनी बेरीज केली आणि शेजारी तुरुंगातल्या कैद्याला जगवायला सरकार किती खर्च करतं तो आकडा ठेवला. कैद्याचा खर्च जास्त निघाला. इंग्रज सरकारला हे किती झोंबलं असेल विचार करा. शिवी नाही, भाषण नाही, फक्त दोन आकडे शेजारी शेजारी.

पण दादाभाईंच्या हिशेबात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी फक्त वस्तू मोजल्या. वकील, शिक्षक, न्हावी, शिपाई यांची कमाई धरली नाही. त्यांचं म्हणणं, माल पिकवणाऱ्याच्या कमाईतूनच यांचं पोट भरतं, मग दोनदा का मोजायचं? हा विचार पुढं दुसऱ्याच देशात जाऊन बसला, त्याच्याकडं येऊच.

१९३० च्या दशकात व्ही. के. आर. व्ही. राव यांनी हे काम शास्त्रशुद्ध केलं. शेती-उद्योगाचं उत्पादन मोजलं आणि नोकरी, धंदा, सेवा यांचं उत्पन्न मोजलं, दोन्ही जोडलं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारनं राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य दोनच : राव आणि आपले धनंजयराव गाडगीळ. प्रवरानगरचा सहकारी कारखाना आणि 'गाडगीळ फॉर्म्युला' यामुळं आपल्याला गाडगीळ माहीत आहेत, पण देशाची पहिली वही लिहिणाऱ्या तिघांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा हा माणूस होता, हे फारसं कुणी सांगत नाही. सल्ल्याला परदेशातून सायमन कुझनेट्स, रिचर्ड स्टोन आणि डर्कसेन. यातल्या पहिल्या दोघांना पुढं नोबेल मिळालं.

समितीचा पहिला अहवाल १९५१ चा, शेवटचा १९५४ चा. माणशी उत्पन्न साधारण अडीचशे रुपये, वर्षाचे. या समितीचा मला आवडलेला भाग म्हणजे तिचा प्रामाणिकपणा. कुठला आकडा मोजलेला आहे आणि कुठला अंदाजानं धरलेला, हे त्यांनी लपवलं नाही. देशातल्या बऱ्याच भागांत, त्यातही संस्थानांत, धड आकडेच नव्हते. तिथं आजूबाजूच्या मुलखावरून अंदाज धरावा लागला. १९४८-४९ मध्ये आपल्या भागाची काय अवस्था होती ते वर सांगितलंच आहे. म्हणजे देशाच्या पहिल्या वहीत आपण शिरलो ते बहुतेक अंदाजानंच.

त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या जगासाठी एक नमुना तयार केला. त्याला 'राष्ट्रीय लेखा पद्धती' म्हणतात. पहिली १९५३ ची, ती याच रिचर्ड स्टोन यांच्या देखरेखीखाली झाली. पुढं १९६८, १९९३, २००८ अशा आवृत्त्या निघाल्या आणि आता २०२५ ची मंजूर झालीये. जीडीपी जो आपण रोज ऐकतो, तो या नमुन्यातला एक रकाना. भारत या रस्त्यावर पहिल्यापासून होता. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, १९५१ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना, १९५६ पासून दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, गरीब, निम्म्याहून जास्त निरक्षर देशाच्या मानानं ही मोठी गोष्ट होती.

आता चीन.

१९४९ ला तिथं क्रांती झाली. १९५२ मध्ये त्यांनी सांख्यिकी खातं काढलं आणि वही सोव्हिएत रशियाकडून घेतली. या पद्धतीत फक्त माल मोजायचा. शेती, कारखाने, बांधकाम, मालाची वाहतूक, मालाचा व्यापार. बाकीचं उत्पन्नात धरायचं नाही. आपल्या गावची उदाहरणं घेऊन सांगतो. मानवतहून कापसाच्या गाठी भरून ट्रक निघाला, तो मोजला. परभणीहून जिंतूरला माणसं घेऊन एसटी गेली, ती नाही. वसमत रोडवरचा दवाखाना नाही, झेडपीचे गुरुजी नाहीत, बँक नाही, कटिंगचं दुकान नाही, आणि आमच्यासारखे पत्रकार तर नाहीच नाहीत. (शेवटच्याबद्दल काही लोक चीनशी सहमत होतील.) दादाभाईंचाच विचार, फक्त वाट मार्क्सची.

शिवाय मोजायचं कसं, यातही फरक होता. आपल्याकडं महालनोबिस म्हणत, सगळा देश मोजत बसू नका, नीट निवडलेला नमुना मोजा. चीनमध्ये दंडक असा की प्रत्येक कारखान्यानं, प्रत्येक गावानं वर अहवाल पाठवायचा आणि वर सगळ्यांची बेरीज व्हायची. ऐकायला हे जास्त पक्कं वाटतं. पण गावच्या अधिकाऱ्याला जो आकडा द्यायचाय, त्याच आकड्यावर त्याची बढती ठरणार असेल तर?

चिनी लोकांना ही अडचण कळत होती. डिसेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान चाऊ एन-लाय कोलकात्याला महालनोबिस यांच्या संस्थेत येऊन गेले. त्यांचे सांख्यिकी अधिकारी नमुना पद्धत शिकायला आले. १९५७ मध्ये महालनोबिस स्वतः चीनला गेले. दोन गरीब शेजारी, एकाच अडचणीत असलेले, एकमेकांची वही बघत होते. आज कुणाला पटणार नाही, पण शिकवणारे त्या वेळी आपण होतो.

आणि १९५८ ला माओनं 'मोठी झेप' जाहीर केली. सांख्यिकी खात्याला सांगण्यात आलं की आकड्यांनी राजकारणाची सेवा करायची. कम्यूनमध्ये स्पर्धा लागली. आमच्याकडं एवढं धान्य, आमच्याकडं त्याच्या दुप्पट. त्या साली चीननं ३७.५ कोटी टन धान्य पिकल्याचा दावा केला. दुसऱ्या वर्षी तोच आकडा २५ कोटींवर आणला. खरा साधारण २० कोटी टनांच्या आसपास होता. पण सरकारी वसुली झाली ती फुगवलेल्या आकड्यावर. कागदावर धान्य होतं, कोठारात नव्हतं, जे होतं ते उचलून नेलं. पुढच्या तीन वर्षांत जो दुष्काळ पडला त्यात किती माणसं मेली यावर वाद आहे. अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. आकडा चुकला तर काय होतं, असं कुणी विचारलं की मला हेच आठवतं.

आपल्याकडं शेताचा आकडा कसा येतो, ते इथं सांगायला पाहिजे, कारण याच्यात दोन मराठी माणसं आहेत. साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे. पीक कापणी प्रयोग जो आपल्या शिवारात आजही होतो, चिठ्ठीनं गट नंबर काढायचा, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, वजन करायचं, ती पद्धत देशभर बसवण्यात या दोघांचा वाटा मोठा. यावरून महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात चांगलंच वाजलं होतं. महालनोबिस म्हणायचे, लहान तुकडे घ्या आणि मोजायला शिकवलेली आपली माणसं पाठवा. सुखात्मे म्हणायचे, लहान तुकड्यात कडेची ताटं आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. तुकडा मोठा घ्या, आणि गावात महसूल-शेती खात्याची माणसं आहेतच, त्यांच्याकडूनच करून घ्या. सुखात्मेंची पद्धत टिकली. म्हणजे देशाच्या जीडीपीतला शेतीचा भाग शेवटी आपल्या तलाठ्यापाशी आणि कृषी सहायकापाशी येऊन टेकतो. त्यांच्या हातात किती गावं आहेत, किती कामं आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणि गंमत बघा. चीनमध्ये गाव आकडा फुगवायचं. आपल्याकडं दुष्काळी साली गावाला आकडा कमी हवा असतो आणि वर तो जास्त निघतो. पैसेवारी ५० च्या आत की बाहेर, यावर मराठवाड्यात किती मोर्चे निघाले याचा हिशेब कुणी ठेवलाय का? म्हणजे आकड्यावर ताण दोन्हीकडं होताच. फरक एवढाच की आपल्याकडं त्या आकड्यावर तहसीलसमोर बोंब मारता येते, पेपरात बातमी लावता येते, आमदाराला सभागृहात उभं राहावं लागतं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागानं फार सोसलं, पण तिकडच्यासारखी कोट्यवधी माणसं मेली नाहीत. त्यात या बोंबेचाही वाटा आहे असं मी मानतो.

चीनकडं परत जाऊ. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिथलं सांख्यिकी खातं जवळपास मोडीत निघालं. मग डेंग आले. डिसेंबर १९७९ मध्ये जपानचे पंतप्रधान ओहिरा यांनी त्यांना विचारलं, तुमचं आधुनिकीकरण म्हणजे नेमकं काय? डेंग म्हणाले, शतक संपेपर्यंत माणशी राष्ट्रीय उत्पन्न हजार डॉलर. आता हा जो माणशी राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा, तो त्यांच्या वहीत नव्हताच! त्यांच्या वहीत फक्त माल. त्यात १९८० मध्ये चीन जागतिक बँकेत आला आणि बँकेला कर्ज द्यायला हाच आकडा हवा होता. १९८५ मध्ये चीननं जीडीपी काढायला सुरुवात केली. काही वर्षं दोन्ही वह्या शेजारी शेजारी चालवल्या, १९९२ मध्ये दोन्हींची मिसळ असलेली पद्धत आणली, आणि १९९३ मध्ये रशियन वही बंद केली. तोवर खुद्द सोव्हिएत संघच उरला नव्हता.

म्हणजे जे आपण १९५० च्या दशकात धरलं ते चीननं साडेतीन-चार दशकांनी धरलं. इथपर्यंत आपली कॉलर ताठ.

पुढचं ऐका. २००४ मध्ये चीननं पहिली राष्ट्रीय आर्थिक गणना केली, दुकान, टपरी, कारखाना सगळं धरून. त्यात असं निघालं की जीडीपी जेवढा सांगत होते त्यापेक्षा १६.८ टक्के जास्त आहे, आणि वाढलेल्यापैकी ९३ टक्के सेवा क्षेत्रातला. चाळीस वर्षं ज्याला मोजायचंच नाही असं ठरवलं होतं, ते सगळं एकदम वर आलं. त्यानंतर २००८, २०१३, २०१८, २०२३, दर पाच वर्षांनी त्यांची गणना होते आणि आकडे दुरुस्त होतात.

आपल्याकडं पहिली आर्थिक गणना १९७७ ची. म्हणजे इथंही आपण आधी. पण सातवी गणना २०१९ ते २०२१ दरम्यान झाली आणि तिचे निष्कर्ष देशासाठी जाहीरच झाले नाहीत. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही, ती २०२७ वर गेली. दुकानं मोजली पण सांगितली नाहीत, माणसं मोजलीच नाहीत. ज्यानं शिकवलं त्याची वही कोरी आणि ज्यानं शिकून सोडून दिलं होतं तो वेळेवर लिहितोय, असं म्हणायचा मोह होतो.

पण मोह आवरावा. कारण तिकडंही रोग जुनाच आहे. २००७ मध्ये ली कचियांग, जे पुढं पंतप्रधान झाले, तेव्हा लिआओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख होते. अमेरिकेच्या राजदूताला त्यांनी सांगितलं की प्रांताच्या जीडीपीवर माझा भरवसा नाही, मी वीज, रेल्वेचा माल आणि बँकेची कर्जं बघतो. हे पुढं विकिलीक्समुळं बाहेर आलं. आणि २०१७ मध्ये त्याच प्रांताच्या गव्हर्नरनं कबूल केलं की २०११ ते २०१४ चे आमचे आकडे फुगवलेले होते. कित्येक वर्षं सगळ्या प्रांतांची बेरीज देशाच्या आकड्यापेक्षा जास्त निघायची. शेवटी प्रांतांचा जीडीपी काढायचं काम केंद्रीय खात्यानं स्वतःकडं घेतलं. १९५८ ची सवय नवी वही आणून गेली नाही.

आपला रोग वेगळा आहे. आपण खोटं लिहित नाही, जे मोजलेलं नाही तिथं दुसऱ्याचं माप लावतो. जानेवारी २०१५ मध्ये २००८ च्या नमुन्याप्रमाणं नवी मालिका आली, आधारवर्ष २०११-१२. जुन्या मालिकेत २०१३-१४ ची वाढ ४.७ टक्के होती, नव्या मालिकेत ६.९ झाली. (मोजायची व्याख्याही बदलली होती, म्हणून सगळा फरक संशयानं बघू नये.) त्या मालिकेत छोटे धंदे, म्हणजे पानटपरी, वेल्डिंग, पिठाची गिरणी, यांची दरवर्षी नोंद नसायची. मग आधारवर्षात एकदा काढलेला आकडा घेऊन तो दुसऱ्या कशाच्या तरी वाढीनं पुढं ढकलायचा, आणि त्यात मोठ्या कंपन्यांचा आकडा बराच वापरला गेला. २०१६-१७ ला काय झालं? नोटबंदी. त्या हंगामात कापसाचे पैसे रोख मिळेनात, ही आठवण सेलू-मानवतच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि त्या वर्षाची देशाची वाढ दुरुस्त होऊन निघाली ८.३ टक्के. मला यात कट दिसत नाही. कंपन्या कार्डावर-चेकवर चालल्या, टपरी बसली, आणि टपरीला माप कंपनीचं लागलं.

आता परभणीचा आकडा. जिल्ह्याचं उत्पन्न राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं. त्यातला शेतीचा भाग बऱ्यापैकी इथला असतो, पेरा आणि कापणी प्रयोग इथलेच. गोवऱ्या आणि शेणखतसुद्धा पशुधनाच्या हिशेबात धरतात, खोटं वाटेल पण खरं आहे. घरी ठेवलेली ज्वारीही धरतात. त्या ज्वारीची भाकरी थापणारीचं काम मात्र धरत नाहीत, हा नमुना जगभर सारखाच आहे. पण शेती सोडून पुढं गेलं की बरेच रकाने वरून वाटून येतात. रेल्वे, बँका, टपाल यांची देशाची बेरीज राज्यांना वाटली जाते आणि राज्याची जिल्ह्यांना, कामगारांची संख्या किंवा असलंच काहीतरी प्रमाण धरून. ते प्रमाण किती जुनं आहे? जनगणना २०११ ची, विचार करा. १९९९ मध्ये हिंगोली वेगळी झाल्यावर तर जिल्ह्याची जुनी-नवी तुलना करणंच अवघड होऊन बसलं.

अजून एक. हा हिशेब कमाई जिथं होते तिथला असतो, माणूस राहतो तिथला नाही. पालम-गंगाखेडकडून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याची मजुरी ज्या जिल्ह्यात ऊस तोडला तिथं लागते. पुण्याच्या कंपनीत कामाला असलेल्या आपल्या पोरांची तिकडं. घरी पाठवलेले पैसे आपल्या रकान्यात दिसत नाहीत. म्हणून परभणी गरीब नाही असं मी म्हणत नाही. आहे. पण किती गरीब आणि कशात गरीब, हे त्या एका आकड्यात नाही.

याचं महत्त्व आहे, कारण मराठवाड्याला जे काही मिळालं ते आकडे मांडूनच मिळालं. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांची समिती बसली, हेही गोखले संस्थेचेच. त्यांनी दरडोई उत्पन्नावर भागवलं नाही. रस्ते किती, सिंचन किती, शाळा किती, पंप किती, हे जिल्हावार काढलं, राज्याच्या सरासरीशी लावलं आणि १९८४ मध्ये सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष समोर ठेवला. 'अनुशेष' हा शब्द आपल्या तोंडी बसला तो त्या वहीतून. पुढं विजय केळकर समितीनं २०१३ मध्ये अहवाल दिला, त्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

जिल्हा सांख्यिकी कार्यालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' नावाचं पुस्तक काढतं. फार कमी लोक उघडतात. त्यातला तालुकावार तक्ता बघा, आपल्या गावाशी ताडून बघा, आणि जुळत नसेल तर मला कळवा, मी माहितीच्या अधिकारात विचारतो. सोयाबीनची काढणी जवळ आली की गावात कापणी प्रयोगाचे गट नंबर निघतील. त्या दिवशी शेतात जाऊन उभे राहा. तुकडा कुठं आखला, वजन किती भरलं, कागदावर किती लिहिलं, तिन्ही गोष्टी बघा आणि फोटो काढून ठेवा.